मावशी आत्ता कुठे आहे?

भिलाईच्या सेक्टर सातमधून पुण्याच्या मावशीला फोन लावून बघा. हिरवं बटण दाबलं की लगेच रिंग ऐकू येत नाही. आधी क्षणभर, कधी दोन-तीन सेकंद, सगळं शांत असतं. मग 'ट्रिंग ट्रिंग' सुरू होतं. बऱ्याच जणांना वाटतं, त्या शांततेत काही घडतच नाही, फोन नुसता खोळंबलाय. पण सगळ्यात जास्त धावपळ चाललेली असते ती तेव्हाच! कोणी मावशीची हजेरी तपासत असतं, कोणी दुसऱ्या कंपनीच्या दाराशी उभं असतं, कोणी चिठ्ठीवर आपलं नाव घालून ती पुढे सरकवत असतं. आज आपण त्या दोन-तीन सेकंदांत शिरायचंय.

पहिला प्रश्न असा, की मावशीला शोधावं का लागतं? तिचा नंबर तर आपल्याकडे आहे ना!

नंबर आहे, पण पत्ता नाही. २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता आणि चेन्नई इथे भारतातली पहिली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली, तेव्हा नंबर म्हणजे एका तारेचं टोक होतं. तार ज्या घरात गेली, त्या घरातच फोन वाजणार. फोन उचलून कोणी बाजारात जात नव्हतं. आता तुमच्या आवाजाचे तुकडे इंटरनेटच्या रीतीने धावतात, आणि तिथे प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता लागतो. हा पत्ता सारखा बदलतो. मावशीचा फोन घरच्या वायफायवर असला तर एक पत्ता, जिना उतरून मोबाइल डेटावर गेला की दुसरा. रात्री फोन बंद करून सकाळी चालू केला, तर कदाचित तिसराच. ती आझाद हिंद एक्स्प्रेसने पुण्याहून दुर्गला यायला निघाली असेल, तर विचारूच नका. नंबर मात्र तोच!

मग यावर उपाय काय? फारच साधा. मावशीच्या फोननेच सांगायचं, "मी आत्ता इथे आहे."

खरंच, फोन हे सारखं सांगत असतो. तुम्ही झोपलेले असता तेव्हाही. इंटरनेटवरून फोन लावायच्या सगळ्यात गाजलेल्या पद्धतीचं नाव आहे सिप, म्हणजे सेशन इनिशिएशन प्रोटोकॉल. त्यात फोनने आपला ठावठिकाणा कळवायच्या संदेशाला 'रजिस्टर' म्हणतात. हा संदेश ज्या सर्व्हरकडे जातो, तो एका वहीत नोंद करतो: मावशी, सध्याचा पत्ता अमुक. गंमत म्हणजे ही नोंद कायमची नसते. तिला मुदत असते. मुदत संपायच्या आत फोनने पुन्हा हजेरी लावली नाही, तर नाव वहीतून आपोआप खोडलं जातं. मला ही युक्ती फार आवडते. फोन पाण्यात पडला, बॅटरी संपली, तर तो "मी चाललो" असं सांगू शकणार नाही. पण त्याने काही सांगितलं नाही, यावरूनच सर्व्हरला कळतं!

आता वही आहे, वहीत पत्ता आहे. तुमच्या फोनला तो पत्ता कसा मिळणार? इथे येतात आपल्या आजच्या गोष्टीतले दोन नायक. प्रॉक्सी सर्व्हर आणि रिडायरेक्ट सर्व्हर. दोघांचं काम शोधून देणं, पण स्वभाव अगदी वेगळे.

भिलाईत वाढलेल्या मुलांना हे स्वभाव लगेच ओळखता येतील. इथल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली, आणि देशभरातून आलेल्या कामगारांसाठी सेक्टर वसले. पत्ता कसा? क्वार्टर नंबर, सडक नंबर, सेक्टर नंबर. काकांना बढती मिळाली की ते मोठ्या क्वार्टरमध्ये जातात. माणूस तोच, पत्ता नवा. आता समजा, विदर्भातून एक पाहुणे जुना पत्ता घेऊन दुर्ग स्टेशनवर उतरले, रिक्षाने थेट जुन्या क्वार्टरवर आले आणि दार वाजवलं. दारात दुसरंच कोणी!

एका घरातल्या काकू म्हणतात, "ते होय, ते आता सेक्टर दहाला गेले. सडक अमुक, क्वार्टर तमुक." आणि दार लावून पुन्हा पोळ्या लाटायला जातात. पाहुण्यांनी पिशवी उचलायची आणि स्वतः सेक्टर दहा गाठायचं. या काकू म्हणजे रिडायरेक्ट सर्व्हर.

दुसऱ्या घरातल्या काकू म्हणतात, "बसा तुम्ही, पाणी घ्या. तुमचा निरोप द्या इकडे." त्या स्वतः चपला घालून निघतात, सेक्टर दहाला जाऊन निरोप देतात, उत्तर घेऊन परत येतात. पाहुणे जागचे हललेच नाहीत. या काकू म्हणजे प्रॉक्सी सर्व्हर.

सिपच्या जगात हेच घडतं. तुमचा फोन "मावशीशी बोलायचंय" असा संदेश पाठवतो. रिडायरेक्ट सर्व्हर उत्तर देतो: ३०२, म्हणजे 'सध्या दुसरीकडे', आणि शेजारी नवा पत्ता. झालं, त्याचं काम संपलं. पुढे मावशी भेटली की नाही, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. त्या नव्या पत्त्यावर तुमच्याच फोनने नव्याने संदेश पाठवायचा. प्रॉक्सी मात्र तुमचा संदेश घेतो, वहीत बघतो, स्वतः पुढे पाठवतो, आणि येतील ती उत्तरं तुम्हाला आणून देतो.

तुम्ही म्हणाल, मग प्रॉक्सीच चांगला की! थांबा, इतक्यात निकाल देऊ नका. दिवसभरात शेकडो पाहुणे आले तर दुसऱ्या काकूंचं काय होईल? चालून चालून दमतील, कोणाचा निरोप कोणाला द्यायचा होता याची आठवण ठेवून डोकं दुखेल. पहिल्या काकू एका वाक्यात मोकळ्या. त्यामुळे रिडायरेक्ट सर्व्हर तेवढ्याच ताकदीच्या यंत्रावर कितीतरी जास्त विनंत्या निकाली काढतो. उलट बाजूही आहे. पहिल्या काकू विचारेल त्याला नवा पत्ता सांगून टाकतात. दुसऱ्या काकू सुरुवातीला तरी कोणाला पत्ता देत नाहीत, स्वतःच जाऊन येतात. अनोळखी माणसाला मावशीचा ठावठिकाणा कळू नये असं वाटत असेल, तर प्रॉक्सीच बरा.

या सगळ्यात ती चिठ्ठी कशी दिसते? मला वाटतं, सिपमधली सगळ्यात सुंदर गोष्ट इथे आहे. हा संदेश कुठल्याही गूढ सांकेतिक लिपीत नसतो. साध्या वाचता येणाऱ्या ओळी असतात. मूळ ओळी इंग्रजीत असतात. मी त्या मराठीत मांडून दाखवते:

इन्व्हाइट मावशी@पुणे
मार्गे: भिलाईचा फोन
आणखी किती हात चालतील: ७०
कोणाकडून: भाची@भिलाई
कोणाला: मावशी@पुणे
संभाषणाचा क्रमांक: (दुसऱ्या कोणाचाच नसेल असा)
मला थेट गाठायचं तर: भिलाईच्या फोनचा पत्ता

यातली 'मार्गे' ही ओळ नीट बघा. चिठ्ठी भिलाईच्या प्रॉक्सीकडे गेली, की तो या ओळीच्या वर आपली एक ओळ घालतो. मग ती पुण्याच्या प्रॉक्सीकडे जाते, तोही सगळ्यात वर आपली ओळ घालतो. मावशीच्या फोनपाशी पोचेपर्यंत चिठ्ठी अशी झालेली असते:

मार्गे: पुण्याचा प्रॉक्सी
मार्गे: भिलाईचा प्रॉक्सी
मार्गे: भिलाईचा फोन

आता उत्तर परत कसं जाणार? मावशीचा फोन या तिन्ही ओळी जशाच्या तशा उत्तरावर उतरवतो आणि सगळ्यात वरच्या नावाकडे उत्तर देतो. पुण्याचा प्रॉक्सी आपली ओळ काढून टाकतो, खाली दिसतं 'भिलाईचा प्रॉक्सी', त्याच्याकडे पाठवतो. तो आपली ओळ काढतो, खाली दिसतं 'भिलाईचा फोन'. पोचलं उत्तर घरी! परतीची वाट कोणाला आठवावी लागत नाही. ती चिठ्ठीवरच लिहिलेली असते. म्हणूनच काही प्रॉक्सी तर चिठ्ठी पुढे दिली की ती विसरूनही जातात, आणि तरीही काही बिघडत नाही.

आणि तो ७० आकडा? तोही मजेदार आहे. समजा, बाबांनी आपल्या फोनवर येणारे कॉल आईकडे वळवून ठेवलेत, आणि आईने नेमके आपले कॉल बाबांकडे वळवलेत. चिठ्ठी इकडून तिकडे, तिकडून इकडे, कायमची फिरत राहील! म्हणून प्रत्येक प्रॉक्सी त्या आकड्यातून एक वजा करतो. ७०, ६९, ६८... शून्य झाला की चिठ्ठी पुढे जात नाही, आणि ४८३ असं उत्तर परत येतं. अर्थ: फार हात बदलले.

उत्तरं अशी आकड्यांतच येतात. १०० म्हणजे प्रयत्न चालू आहे. १८० म्हणजे मावशीचा फोन वाजतोय, आणि हा आकडा आला की साधारणपणे तुमच्या कानात 'ट्रिंग' सुरू होतं. २०० म्हणजे मावशीने उचलला! ४८६ म्हणजे ती दुसऱ्या कोणाशी बोलतेय. आणि ४०४? वेबसाइट सापडली नाही की हाच आकडा दिसतो, तो तुम्ही पाहिला असेल. इथे त्याचा अर्थ 'असं कोणी नाही'. हा योगायोग नाही. सिप बनवणाऱ्यांनी आकड्यांची ही रीत वेबपासूनच घेतली.

हे बनवणारे होते कोण? १९९६ च्या सुमाराला हेनिंग शुल्झरिन, मार्क हँडली, ईव्ह स्कूलर आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. पुढे जोनाथन रोझेनबर्गही सामील झाले. शुल्झरिन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक. मार्च १९९९ मध्ये सिपचे नियम पहिल्यांदा अधिकृतपणे प्रसिद्ध झाले आणि जून २००२ मध्ये ते सुधारून नव्याने लिहिले गेले. ही नियमावली कोणालाही फुकट वाचता येते. तिच्यातल्या उदाहरणात ॲलिस नावाची मुलगी बॉबला फोन लावते, आणि मध्ये दोन प्रॉक्सी असतात. आपल्या भाची-मावशीसारखेच.

प्रॉक्सीची आणखी एक करामत सांगायलाच हवी. मावशीकडे मोबाइल आहे, टॅबलेट आहे, ऑफिसच्या टेबलावर फोन आहे, आणि तिन्ही यंत्रांनी हजेरी लावलेली आहे. मग प्रॉक्सी एका चिठ्ठीच्या तीन प्रती करतो आणि तिन्हीकडे एकदम पाठवतो. तिन्ही फोन वाजायला लागतात! मावशीने टॅबलेटवर उचलला की प्रॉक्सी बाकीच्या दोघांना 'कॅन्सल' असा निरोप धाडतो, आणि ते गप्प होतात. तुमच्या घरी एकाच कॉलने दोन यंत्रं वाजताना आणि एक उचलताच दुसरं थांबताना पाहिलंय? अशाच करामतीचा तो नमुना.

बरं, मावशीने फोन उचलला. आता तुमचा आवाज कुठून जातो? याच प्रॉक्सींमधून? नाही! शोधणाऱ्यांचं काम इथे संपलं. दोन्ही फोनांनी एकमेकांचे पत्ते चिठ्ठ्यांमधून कळवलेले असतात, त्यामुळे आवाजाला वेगळी वाट मिळते. शोधणं वेगळं आणि बोलणं वेगळं, ही फोड मला सिपमधली सगळ्यात शहाणपणाची वाटते. शोधायला दोन-चार चिठ्ठ्या पुरतात. बोलायला मात्र प्रचंड माल वाहावा लागतो. साध्या पद्धतीत तुमचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजला जातो, आणि त्याचे साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवतात. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे, एका मिनिटाला ३०००, आणि तेवढेच मावशीकडून परत! हे सगळं प्रॉक्सींनी उचललं असतं तर त्यांची कंबरच मोडली असती. एखादा तुकडा वाटेत हरवला तर तो पुन्हा मागवत नाहीत, कारण तो येईपर्यंत मावशी पुढच्या वाक्यावर पोचलेली असते. म्हणूनच कधीकधी आवाज क्षणभर तुटतो.

प्रॉक्सीला पुढच्या चिठ्ठ्याही, म्हणजे फोन ठेवतानाची 'बाय' वगैरे, आपल्यामार्फत जायला हव्या असतील, तर तसं चिठ्ठीत उघड लिहावं लागतं. गुपचूप मध्ये बसायचं नाही! कंपन्या असं हमखास लिहितात, कारण बोलणं कधी संपलं हे त्यांना हिशेबासाठी कळायला हवं.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं पुस्तकातलं की आपल्या भिलाईतही चालतं? चालतं, रोज चालतं. नोव्हेंबर २००० मध्ये, म्हणजे छत्तीसगड राज्य जन्मलं त्याच महिन्यात, जगभरच्या मोबाइल जाळ्यांचे नियम ठरवणाऱ्या संघटनेने सिप स्वीकारलं. आणि ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तेव्हा तिचं जाळं नुसतं ४जीचं होतं. जुन्या पद्धतीचे कॉल वाहायची सोयच त्यात नव्हती. प्रत्येक कॉल इंटरनेटच्या रीतीने, सिपच्या चिठ्ठ्यांनी जाणार. फोनच्या वरच्या पट्टीवर 'व्होल्टीई' अशी बारीक अक्षरं दिसतात ना, ती याचीच खूण. २०१८ साली बीएसएनएलने विंग्ज नावाची सेवा आणली, तिच्यात तर सिमकार्डाशिवाय ॲपमधून दहा आकडी नंबरावर बोलता येत होतं. व्हॉट्सॲपचं मात्र वेगळं आहे. त्याची पद्धत त्या कंपनीची स्वतःची.

मोबाइल कंपनीच्या जाळ्यात एक सोडून तीन तऱ्हांचे सिप सर्व्हर असतात. पहिला तुमच्या फोनशी बोलणारा. फोनची प्रत्येक चिठ्ठी आधी त्याच्या हातात पडते, आणि नंबर ११२ सारखा संकटकाळचा असला तर तो ती नेहमीच्या वाटेने न पाठवता वेगळ्या, तातडीच्या वाटेने काढतो. दुसरा बाहेरून आलेल्या चिठ्ठ्यांची चौकशी करणारा. ज्याच्यासाठी कॉल आलाय त्याला कोण सांभाळतं, हे तो कंपनीच्या मोठ्या नोंदवहीत बघतो. तिसरा खरा हजेरीमास्तर. रजिस्टरची नोंद याच्याकडे, आणि तुम्हाला कोणत्या सोयी द्यायच्या हेही हाच ठरवतो.

मग आपल्या पहिल्या काकू, तो रिडायरेक्ट सर्व्हर, कुठे गेला? तो आहे, पण जरा आतल्या बाजूला. ३ जुलै २०१५ पासून भारतात नंबर न बदलता कुठल्याही राज्यात, कुठल्याही कंपनीकडे जाता येतं. नागपूरहून बदली होऊन दुर्गला आलेल्या कुटुंबाचा नंबर महाराष्ट्राचाच राहतो, कंपनी मात्र मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागातली, कदाचित वेगळीच. त्यामुळे नुसत्या आकड्यांकडे बघून कॉल कुठे पाठवायचा हे कळत नाही. आधी विचारावं लागतं, हा नंबर सध्या कोणाकडे आहे? सिप वापरणाऱ्या जाळ्यांत अशी चौकशी पुष्कळदा रिडायरेक्टच्या रीतीने करतात. प्रश्न विचारायचा, '३०२, तिकडे जा' असं उत्तर घ्यायचं आणि निघायचं. हजारो प्रश्न, एका वाक्याची उत्तरं. इथे पहिल्या काकूंसारखं दुसरं कोणी नाही. म्हणजे चिठ्ठी वाहायला प्रॉक्सी आणि दिशा सांगायला रिडायरेक्ट, असे दोघे एकाच कॉलमध्ये कामाला लागू शकतात.

आता परत सुरुवातीच्या त्या शांततेकडे. काचेच्या तारेतून जाणारा प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणजे १००० किलोमीटरला फक्त ५ मिलिसेकंद. दुर्ग ते पुणे हे अंतर सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या थोडं वर. मग दोन-तीन सेकंद जातात कुठे? प्रवासात नाही जात. जातात विचारपूस करण्यात, वह्या चाळण्यात, मावशीच्या झोपलेल्या फोनला जागं करण्यात, आवाज कोणत्या पद्धतीने पाठवायचा हे दोन्ही फोनांत ठरण्यात.

तुम्हाला ही चिठ्ठी प्रत्यक्ष बघायची असेल, तर बघता येते. आईबाबांची परवानगी घ्या, शाळेतल्या कॉम्प्युटरच्या सरांना किंवा कॉलेजातल्या ताई-दादांना सोबत घ्या, आणि फक्त आपल्याच घरच्या किंवा शाळेच्या वायफायवर करा. दोन कॉम्प्युटरांवर लिनफोन हे मोफत सॉफ्टवेअर टाका, एकावरून दुसऱ्याला थेट कॉल लावा आणि वायरशार्क या मोफत सॉफ्टवेअरमध्ये इन्व्हाइट शोधा. थोडी खटपट पडेल, पण ओळी दिसतील. मावशीच्या फोनपाशी पोचलेल्या चिठ्ठीत 'मार्गे'च्या तीन ओळी होत्या, इथे एकच असेल, कारण मध्ये कोणीच नाही. मग कामाइलियो नावाचा मोफत प्रॉक्सी मध्ये बसवा. तोच प्रॉक्सी रिडायरेक्ट म्हणूनही चालवता येतो, तेही करून पाहा. दोन्ही वेळा ज्याला कॉल लावलाय त्या कॉम्प्युटरवर आलेली चिठ्ठी उघडा, 'मार्गे'च्या ओळी मोजा, आणि कधी किती दिसल्या ते आम्हाला पत्राने कळवा.